प्रकल्प येणार, येणार... रद्द!

कोळशावरचा वीज प्रकल्प, त्याला जोडून पोलादाचा कारखाना आणि गावातल्या पोरांना नोकऱ्या. अशी बातमी येते, जमिनीचे भाव चढतात, आणि काही वर्षांनी सगळं गुपचूप गुंडाळलं जातं. असं का होतं? आणि पुढची घोषणा झाली की तुम्ही काय विचारायचं?

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की दहा-एक किलोमीटरवर पाली लागतं. गाव हायवेला, आणि गावाला लागून बिंदुसरा धरण. पाऊस चांगला झाला की सांडव्यावरून पाणी कोसळतं आणि बीडमधली निम्मी कॉलेजं तिथं सेल्फी काढायला हजर असतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी तिथंच तळाची भेगाळलेली माती दिसते.

आता समजा, उद्या पेपरात बातमी आली, ‘पालीच्या माळावर १०० मेगावॉटचा वीज प्रकल्प. शेजारी पोलाद कारखाना.’ तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय होईल? फटाके. आयटीआय केलेला मित्र म्हणेल, आता पुण्याला जायची गरज नाही. स्पर्धा परीक्षेचा चौथा अटेम्प्ट देणारा म्हणेल, क्लार्क तर क्लार्क, गावात तरी राहू. ज्याचे आई-बाप दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तो काहीच बोलणार नाही, पण बातमी दोनदा वाचेल. आणि एक जण हमखास विचारेल, ‘आपली जमीन त्यात जाते का रे?’

यातली एकही प्रतिक्रिया चुकीची नाही. नोकरी नसलेल्या जिल्ह्यात कारखान्याची आस लागणं हा काही गुन्हा नाही. पण अशा घोषणांपैकी कितीतरी फक्त कागदावर राहतात. त्या का मोडतात हे कळलं तर पुढच्या घोषणेला टाळी वाजवायची की प्रश्न विचारायचा, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

पोलादवाल्याला स्वतःची वीज कशाला?

त्यासाठी आधी शेजारच्या जालन्याकडे बघा. घराच्या स्लॅबमध्ये जी सळई पडते, तिच्यासाठी जालना प्रसिद्ध आहे. तिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पॉन्ज आयर्न वितळवतात, आणि वितळवायला कोळसा जळत नाही, वीज लागते. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण सहाशे-सातशे युनिट वीज जाते. तुमच्या घरात महिन्याला शंभर युनिट जळत असतील, तर तुमची सहा-सात महिन्यांची वीज एका टनात संपली.

हिशेब पुढे न्या. रोज ५०० टन माल काढणाऱ्या कारखान्याला सव्वातीन लाख युनिट लागतात. युनिटमागे एक रुपया वाचला तर दिवसाला सव्वातीन लाख रुपये वाचले. वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं, तरी पावणेदहा कोटी. म्हणून पोलादवाला विजेच्या दराकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्या डोक्यात येतं, आपली आपणच वीज बनवली तर?

कायद्यानं हा रस्ता मोकळा आहे. २००३ च्या वीज कायद्यानं औष्णिक वीजनिर्मितीला परवान्याची अट काढून टाकली. स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या केंद्राला म्हणतात कॅप्टिव्ह. २००५ च्या नियमांनुसार वीज वापरणाऱ्यांची त्यात किमान २६ टक्के मालकी हवी, आणि तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. एवढं जमलं की ग्रिडवरच्या विजेला लागणारा क्रॉस सबसिडीचा अधिभार वाचतो.

त्यामुळे दोन हजारच्या दशकात देशभर एकच साचा दिसायचा. कंपनी पोलाद कारखाना जाहीर करायची, त्याला वीज केंद्र जोडायची आणि वीज केंद्रासाठी कोळशाची खाण मागायची. तीन डबे एकाच गाडीला. एक रुळावरून घसरला की गाडी थांबली.

पहिला डबा : पाणी

बीडमध्ये राहून औष्णिक वीज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात परळी आहे. ३० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७१ मध्ये सुरू झाले. मग ऐंशीच्या दशकात २१० मेगावॉटचे तीन, आणि २००७ नंतर २५० मेगावॉटचे. अनेक घरं या केंद्रावर उभी राहिली, हे खरंच आहे. परळीनं दुसरी गोष्टही दाखवली. कोळसा असला, माणसं असली, यंत्रं चालू स्थितीत असली, तरी पाणी नसेल तर चिमणीतून धूर निघत नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळानं परळी केंद्र बंद पडलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नव्हतं. २०१६ चा पाऊस पडेपर्यंत केंद्र गप्प होतं. संच बंद म्हणजे आतल्या कंत्राटी कामगाराचा हात रिकामा, आणि गेटबाहेरच्या चहावाल्याचा गल्लाही.

एवढं पाणी जातं कुठं? कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं. मग ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करावं लागतं. या थंड करण्याच्या कामात कूलिंग टॉवरमधून बरंच पाणी हवेत उडून जातं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मर्यादा घातली, की जुन्या केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. परळीची तेव्हाची क्षमता ११३० मेगावॉट. पूर्ण ताकदीनं चोवीस तास चालवलं तर या मर्यादेतही दिवसाला साडेनऊ कोटी लिटर पाणी लागेल.

साडेनऊ कोटी म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणायचं तर लातूरची पाण्याची रेल्वे आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली ‘जलदूत’. पहिल्या फेरीत तिनं पाच लाख लिटर पाणी आणलं आणि ती देशभराची बातमी झाली. तशा १९० गाड्या रोज आल्या असत्या, तर परळीची एका दिवसाची तहान भागली असती.

आता आपल्या कल्पनेतल्या पालीच्या प्रकल्पाकडे या. १०० मेगावॉट म्हणजे दिवसाला २४ लाख युनिट. २०१७ नंतरच्या नव्या केंद्रांना मर्यादा आहे युनिटमागे तीन लिटरची. म्हणजे रोज ७२ लाख लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचं माप धरलं, तर हे ५३ हजार माणसांचं पाणी झालं.

ते आणणार कुठून? बिंदुसरेतून बीड शहर पाणी पितं. बिंदुसरा पुढे सिंदफणेला मिळते, सिंदफणेवर माजलगाव धरण आहे, तिथूनही बीडला पाणी येतं, आणि सिंदफणा शेवटी गोदावरीत जाते. म्हणजे पाली असो की परळी, खोरं एकच. एकाच माठातून किती जणांनी ओंजळ भरायची, एवढाच प्रश्न आहे. पालीहून बीडकडे येताना खजाना विहीर लागते. सोळाव्या शतकात ती बांधणाऱ्यांनी आधी पाण्याचा विचार केला, मग वस्तीचा. आपल्या काळातल्या घोषणांचा क्रम बऱ्याचदा उलटा असतो.

दुसरा डबा : कोळसा

१०० मेगावॉटला रोज अंदाजे सोळाशे-सतराशे टन कोळसा लागतो. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण जास्त, ३० ते ४० टक्के. म्हणजे दिवसाला पाचशे-सहाशे टन राख उरते. ती कुठं टाकायची, कोणत्या रस्त्यानं न्यायची आणि कुणाच्या शेतावर उडायची, हे परळीच्या आसपास राहणाऱ्या मित्राला विचारा.

एवढा कोळसा ट्रकनं आणणं परवडत नाही, रेल्वे लागते. परळीला रेल्वे जुनी. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला! त्याआधी बीडजवळ कुणी कोळशाचं केंद्र मांडलं असतं, तर पहिला प्रश्न हाच होता की कोळसा येणार कसा?

पण वाहतूक नंतरची गोष्ट, आधी कोळसा मिळायला हवा. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७६ मध्ये पोलाद कंपन्यांसाठी दार किलकिलं झालं, स्वतःच्या वापरापुरती खाण घ्या. १९९३ मध्ये वीज कंपन्यांनाही ते उघडलं. मग खाणपट्टे वाटले गेले, लिलाव न करता. विदर्भातले अनेक पट्टे लोखंड-पोलाद कंपन्यांच्या नावावर झाले.

२५ ऑगस्ट २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, १९९३ पासूनचं हे वाटप मनमानी आणि बेकायदा आहे. २४ सप्टेंबरला २१८ पैकी २१४ खाणपट्टे रद्द झाले. ज्यांचे कारखाने उभे होते त्यांना लिलावात उतरून कोळसा घ्यावा लागला. ज्यांचे फक्त कागदावर होते, त्यांच्यापैकी अनेकांचा कागद तिथंच फाटला.

याचं ठळक उदाहरण पश्चिम बंगालमध्ये सापडतं. कंपनी मात्र आपल्या ओळखीची आहे. रायगडमधला डोलवीचा पोलाद कारखाना चालवणारी जेएसडब्ल्यू. मेदिनीपूर भागातल्या सालबोनीला तिनं वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा पोलाद कारखाना आणि सोबत वीजनिर्मिती जाहीर केली होती. २ नोव्हेंबर २००८ ला तेव्हाचे मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या हस्ते भूमिपूजन झालं, आणि परतताना त्यांच्या ताफ्याच्या वाटेवर माओवाद्यांनी सुरुंग उडवला. मुख्यमंत्री बचावले. पुढची वर्षं जागा तशीच पडून राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे खाणपट्टे रद्द झाल्यावर दोन महिन्यांत, कंपनीनं प्रकल्प थांबवत असल्याचं सांगितलं. शेतकऱ्यांकडून थेट विकत घेतलेली २९४ एकर जमीन परत करायची तयारीही दाखवली.

भूमिपूजनाच्या दिवशी तिथं बारावीला असलेली मुलं तेव्हा चोविशीत पोचली होती. सहा वर्षं. नोकरी लागण्याचं, लग्नाचं, गाव सोडायचं की नाही हे ठरवण्याचं वय. कंपनीच्या ताळेबंदात रद्द प्रकल्पाची एक ओळ असते. या मुलांच्या सहा वर्षांची ओळ कुठल्याच ताळेबंदात नसते.

आणि गोष्ट इथंही संपली नाही. २०१८ मध्ये त्याच जागी सिमेंटचा कारखाना सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये तिथंच १६०० मेगावॉटच्या कोळशावरच्या वीज केंद्राचं भूमिपूजन झालं. म्हणजे ‘रद्द’ हा शेवटचा शब्द असेलच असं नाही. फाइल बंद होते, जळत नाही.

तिसरा डबा : गरज

कधी पाणी असतं, कोळसाही मिळू शकतो, पण हिशेबच बदलतो. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादला सोलर पार्कच्या लिलावात विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. पोलादवाल्यानं तो आकडा वाचला असणारच. कॅप्टिव्हचा २६ आणि ५१ टक्क्यांचा नियम फक्त कोळशासाठी नाही. त्याच नियमानं सौर प्रकल्पात भागीदारी घेता येते. ना कोळशाचा रेक, ना राखेचा तलाव. भट्टी रात्रीही चालते, म्हणून सगळं सूर्यावर भागत नाही, हेही खरं. पण दिवसाची वीज स्वस्तात मिळायला लागली की कोळशाच्या केंद्रात पैसा अडकवायला बँकाही कचरतात.

आणि काही ठिकाणी गावच अडवतं. देवगड तालुक्यातल्या गिर्येला ४००० मेगावॉटचा अल्ट्रा मेगा प्रकल्प ठरला होता. त्यासाठी २००६ मध्ये ‘कोस्टल महाराष्ट्र मेगा पॉवर’ नावाची स्वतंत्र सरकारी कंपनीही काढली. आंबा बागायतदार आणि मच्छीमारांनी विरोध केला. प्रकल्प उभा राहिला नाही. तिथल्या लोकांकडे हापूस होता, समुद्र होता, गमवायला काहीतरी होतं. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आणि हातात कोयता आहे, त्याला ‘नको’ म्हणणं तेवढं सोपं नसतं. म्हणून त्याच्या होकाराला कमी लेखू नका, आणि त्याचा गैरफायदाही कुणाला घेऊ देऊ नका.

कोळसा नाही म्हणजे कटकट नाही, असंही समजू नका. बीडच्या डोंगरपट्ट्यात आता पवनचक्क्या फिरतात. त्यांच्याभोवती पैसा, जमीन आणि दहशत कशी जमा होते, हे डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगनं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. प्रकल्प कुठल्याही इंधनाचा असो, व्यवहार उजेडात झाला नाही तर किंमत गावच मोजतं.

रद्द झालं, मग जमीन कुणाची?

हा भाग घरी मोठ्यानं वाचून दाखवा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ नुसार, त्या कायद्याखाली घेतलेली जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षं वापराविना पडून राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत जाते, नाहीतर सरकारच्या लँड बँकेत जमा होते. हा ‘नाहीतर’ लक्षात ठेवा. परत मिळेलच, असं कायदा म्हणत नाही.

एमआयडीसी स्वतःच्या कायद्याखाली जमीन घेते तेव्हा गणित वेगळं असतं. आणि तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, थेट खरेदी. घोषणेच्या आधीच एजंट फिरतात, आसपासच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे देतात आणि खरेदीखत होतं. मग प्रकल्प रद्द होवो की न होवो, सातबारावर नाव त्यांचंच. भूसंपादनाचा मोबदला नाही, पुनर्वसन नाही, परतीचं कलम नाही. ‘प्रकल्पग्रस्त’ हा दाखलाही नाही, कारण कागदोपत्री तुम्ही राजीखुशीनं जमीन विकलेली असते.

पुढच्या घोषणेला हे पाच प्रश्न

१. पाणी कुठल्या धरणातून, किती, आणि दुष्काळी वर्षात आधी कुणाचं तोडणार? ‘शासन व्यवस्था करेल’ हे उत्तर नाही. पाण्याच्या मंजुरीचा कागद दाखवा.

२. कोळसा कुठून? करार झालाय की फक्त अर्ज केलाय? रेल्वेची साइडिंग कुठं होणार आणि राख कुठं जाणार?

३. वीज कोण घेणार? पोलाद कारखान्यासाठी असेल, तर कारखाना आधी की वीज केंद्र आधी? कारखाना नाही झाला तर?

४. जमीन कुठल्या कायद्यानं घेताय? की थेट खरेदी? वापर झाला नाही तर काय, हे करारात लिहिलंय का?

५. नोकऱ्या किती, त्यातल्या बांधकामापुरत्या किती आणि कायमच्या किती? कायमच्या जागांना शिक्षण काय लागतं? ते शिकवायची सोय जिल्ह्यात आहे का?

हे प्रश्न विचारायला व्यासपीठही आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या औष्णिक प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. ३० दिवस आधी नोटीस काढायची असते. पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, द्यावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला ठेवलेला असतो. सुनावणीला जायला वकील व्हावं लागत नाही. तिथं बोललेलं नोंदवलं जातं, आणि लेखी हरकतही देता येते.

गावात हा सारांश किती जण वाचतात? पन्नाशीच्या काकांना चष्मा लावूनही त्यातली भाषा झेपत नाही. तुम्ही बीएस्सीला आहात, इंजिनिअरिंगला आहात, कॉमर्सला आहात. मेगावॉटला २४ नं गुणून युनिट काढणं आणि युनिटला लिटरनं गुणून पाणी काढणं तुम्हाला जमतं. वर आपण तेच केलं, दुसरं काही नाही.

कुणी म्हणेल, प्रश्न विचारले तर प्रकल्प पळून जाईल. पाण्याचं आणि कोळशाचं उत्तर ज्याच्याकडे आहे, तो प्रश्नांनी पळत नाही. ज्याच्याकडे नाही, तो तसाही पाच-सहा वर्षांनी जाणारच असतो. फरक एवढाच, की तोवर तुमच्या बापाची जमीन गेलेली असते आणि तुमची उमेदीची वर्षंही.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर अशी बातमी आली, तर फटाक्यांचा इमोजी टाकायला हरकत नाही. फक्त त्याच्या खाली पहिला प्रश्नही टाका. पाणी कुठून?